काळ्या पट्ट्याजवळचा दगड

पत्रकावर आकडेसाहेबांच्या किरट्या अक्षरात एकच ओळ होती : ‘दळताना भेसळ. नमुना बाद.’ भुगाकाकांनी ती उभ्याने वाचली, मग स्टुलावर बसून वाचली. बसल्याने काही फरक पडला नाही.

एकतीस वर्षांत त्यांच्या कामावर असं कुणी लिहिलं नव्हतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पत्रक फाइलला लागणार, फाइलीतून अहवालात जाणार, अहवाल छापला जाणार, आणि काका घरी बसले तरी ती ओळ जागची हलणार नव्हती. ती त्यांना खोडून हवी होती. सत्कार नको, भाषण नको. ओळ खोडून हवी.

भुगाकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. संस्थेच्या चार मजली इमारतीत दगडांची वयं काढायचं काम चाले, आणि आलेला प्रत्येक दगड आधी तळघरात त्यांच्याकडे येई. ते त्याचा भुगा करत. वरच्या मजल्यांवर मोठ्या डिग्र्यांची माणसं होती. खाली एक जबडा, एक चक्की, चाळण्यांची चळत, पाण्याचं थरथरतं टेबल, एक लोहचुंबक आणि काका. जबडा म्हणजे पोलादाच्या दोन जाड पाट्या, एक स्थिर आणि एक हलती. मध्ये दगड टाकला की सुपारीएवढे तुकडे होऊन खाली पडत. चक्कीतून त्यांची वाळू होई. मग ती चाळायची, धुवायची, चुंबकाने काळं खनिज ओढून घ्यायचं, आणि उरलेल्यातून मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक कण वेचायचा. खाली पाच किलोचा दगड यायचा, वर चिमूटभर जायचं.

त्याआधी ते खडीच्या खाणीवर होते. उजव्या करंगळीचं एक पेर तिथेच राहिलं. कुणी हळहळलं तर म्हणत, “चिमट्याला दोनच बोटं लागतात.”

सफाईच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. दगडाआधी अर्धा तास, दगडानंतर एक तास. आधी ब्रश, मग हवेचा झोत, मग ओलं फडकं. मग स्वच्छ गारगोटी दळून फेकून द्यायची, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा, शेवटी स्पिरिटचं पांढरं फडकं. फडकं पांढरंच्या पांढरं निघालं नाही तर पहिल्यापासून. नव्याने लागलेल्या एका पोरसवदा साहेबाने एकदा विचारलं होतं, “काका, इथे ऑपरेशन करणार आहात का?” काका म्हणाले होते, “तुमचं करायचं असतं तर एवढं धुतलं नसतं.”

आणि अशा माणसाच्या पत्रकावर ‘भेसळ’.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्रक घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. दगड मॅडमचा होता. मॅडम स्वतः डोंगरात जाऊन दगड फोडून आणत, आणि पाठीवर पंधरा किलो घेऊन चालत उतरत, म्हणून काकांना त्यांच्याबद्दल आदर होता. आकडेसाहेब तिथेच होते. वय मोजणारं मोठं यंत्र ते चालवत. त्या यंत्राची खोली कायम थंड ठेवावी लागे, म्हणून साहेब बारा महिने अंगात स्वेटर घालून फिरत.

“भेसळ कशी म्हणता?” काकांनी विचारलं.

“रागावू नका, काका,” मॅडम म्हणाल्या. “हा दगड जुना आहे. आजूबाजूचं सगळं एकशे साठ कोटी वर्षं सांगतंय. तुमच्याकडून आलेल्या अभ्रकाचं वय निघालं पन्नास कोटी.”

“मग?”

“मग त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही काय दळलं होतं?”

काकांना आठवलं. आदल्या दिवशी त्यांनी काळा पट्टा दळला होता. त्याच डोंगरात केव्हातरी जुन्या पांढरट दगडाला भेग पडली, खालून शिलारस त्या भेगेत घुसला आणि तिथेच थिजला. तो हातभर रुंदीचा काळा पट्टा. त्याचं वय पांढऱ्याच्या आधी मोजून झालं होतं. पन्नास कोटी. आणि बाद झालेला पांढरा दगड त्या पट्ट्यापासून चार पावलांवरचा.

“पन्नास आणि पन्नास,” आकडेसाहेब म्हणाले. “यंत्र बिचारं जे घालाल ते सांगतं. काल जे जबड्यात राहिलं, ते आज वर आलं.”

“काळ्या दगडात पांढरा अभ्रक असतो का, साहेब? मी तर पांढरा अभ्रक वेचून दिलाय.”

“धूळ, काका. धूळ चिकटते.”

“चार पाण्यांनी धुतलेत.”

“पाचव्याने धुवायचे होतेत.”

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण धुळीचं म्हणणं साफ खोटं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. वय काढायची तऱ्हा मॅडमनीच त्यांना पूर्वी समजावून सांगितली होती. अभ्रकात रुबिडियम नावाचं द्रव्य असतं. त्यातलं थोडं थोडं आपोआप स्ट्रॉन्शियम होत जातं, ठरलेल्या गतीने. काही केल्या ती गती बदलत नाही. किती झालं आणि किती उरलं हे मोजलं, की तो अभ्रक तयार होऊन किती वर्षं झाली ते कळतं. मात्र बाहेरची कणभर धूळ आत गेली की सगळ्या मेहनतीवर पाणी.

“पुन्हा करतो,” ते म्हणाले. “ओळ तोवर पेन्सिलने लिहा.”

“शाईने लिहून झालीय,” आकडेसाहेब म्हणाले.

प्रत्येक दगडाचा अर्धा भाग कोठारात राखून ठेवत. त्यातला निम्मा काकांनी आणला, पण दळायच्या आधी अख्खा जबडा उकलला. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. चार बोल्ट गंजून बसले होते. दोन पान्ह्याने सुटले, तिसऱ्याला रात्रभर तेल पाजून ठेवावं लागलं, चौथा छिन्नीने तोडावा लागला. पाट्यांच्या पाठी, बेअरिंगच्या खाचा, जिथे दगड कधीच पोचत नाही त्या सांदीसुद्धा त्यांनी घासल्या. दोन दिवस गेले. बाजारातून तसाच बोल्ट मिळेना म्हणून तिसरा दिवसही गेला. मग दळण, धुणं, वेचणी. वेचलेले पापुद्रे आरशासारखे होते. काकांनी ते पाच पाण्यांनी धुतले. पाच म्हणजे पाच.

तीन आठवड्यांनी निकाल आला. एक्कावन्न कोटी.

काका वर गेले ते जिन्यातच बोलायला लागले. “मॅडम, घाण असती तर एकदा सत्तर आलं असतं, एकदा नव्वद. दोन्ही वेळेला तेच कसं येईल? घाण एवढी शिस्तीची नसते.”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मुद्दा त्यांना पटला असावा. पण आकडेसाहेब म्हणाले, “म्हणजे तुमच्या जबड्याला सवय लागलीय.” आणि पहिल्या ओळीखाली दुसरी आली : ‘पुनश्च भेसळ.’

संध्याकाळी काका घरी आले आणि चप्पल काढून तिथेच बसले. बायको खिडकीपाशी मशीनवर होती. ती लोकांचे कपडे उसवून बेताचे करून द्यायची. बाह्या कापायच्या, कंबर आत घ्यायची, झालं तर कॉलर उलटी करायची.

“पुन्हा नापास?” तिने मान वर न करता विचारलं.

“पुन्हा.”

“अहो, त्याला पन्नास कोटी म्हणा नाहीतर दीडशे. दगडाला कुठे लग्न जमवायचंय?”

“दगडाचं मरू दे. माझ्यावर लिहिलंय.”

“कोण वाचणार आहे?”

“मी वाचलंय ना.”

 तिने मशीनवरचा पाय थांबवला. “मागे त्या बाईने म्हटलं होतं, तुमच्या मशीनच्या तेलाचा डाग पडला माझ्या कापडावर. मी काय केलं? मशीन पुसून दाखवत बसले का? मशीन बाजूला सारलं आणि तिच्यासमोर अख्खी बाही हाताने शिवली. डाग आला, कारण तो तिच्या कापडातच होता. गेली गुमान घेऊन.”

“हाताने दगड फोडू?”

“खाणीत काय दाताने फोडत होतात?”

काका हसले नाहीत, पण उठून हातपाय धुतले.

कोठारात आता त्या दगडाचा शेवटचा तुकडा राहिला होता, दोन मुठींएवढा. काकांनी दुकानातून नवी हातोडी आणली, पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा आणला. जबड्याच्या खोलीत काम केलं तर पुन्हा कुणी तोंड उघडेल म्हणून ते वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या धुण्याच्या खोलीत बसले. फडक्यात दगड गुंडाळायचा, नेमका एक घाव घालायचा, उघडायचं. दुसरा घाव घाईने घालायचा नाही. मग तुकडा मायक्रोस्कोपखाली धरून सुईने एकेक पापुद्रा जागच्या जागी उचकटायचा. चक्कीत तासाभरात होणारं काम एका दिवसात बोटभरही सरकेना. दुसऱ्या दिवशी मान आखडली. तिसऱ्या दिवशी कपचा उडून भुवईवर लागला. येणारेजाणारे दारातून डोकावत. आकडेसाहेबही आले.

“काका, आता दगडाला कुरवाळताय होय?”

“तुम्ही स्वेटर सांभाळा.”

चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात ती गोष्ट आली, आणि त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. इतकी वर्षं त्यांनी अभ्रक पाहिला होता तो वाळू झालेल्या दगडातला, सगळा एकत्र कालवलेला. दगडाच्या अंगात तो कुठे बसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता दिसत होतं. आरशासारखे लख्ख पापुद्रे सगळे बारीक भेगांच्या काठाने बसले होते. केसाएवढ्या भेगा, नुसत्या डोळ्यांना दिसूही नयेत अशा. आणि भेगांपासून लांब, दगडाच्या ऐन अंगात, दुसराच अभ्रक होता. मोठाले पापुद्रे, वाकलेले, कडांना तांबूस डाग पडलेले, जुन्या पत्र्यासारखे. हे डागाळलेले पापुद्रे वाळूतही असत. काका ते चिमट्याने बाजूला सारत आणि फेकून देत. तळघरातल्या भिंतीवर मॅडमच्याही आधीच्या साहेबांनी चिकटवलेला नियमच होता : फक्त स्वच्छ, चकचकीत, सपाट कण घ्यावेत. काकांनी तो कधी मोडला नव्हता.

त्यांनी दोन कुप्या घेतल्या. एकीवर लिहिलं ‘भेगेतला’, दुसरीवर ‘अंगातला’. नऊ दिवसांत दोन्हींत मिळून नखभर माल जमला. धुतला, वाळवला, वर नेला.

आकडेसाहेबांनी एक कुपी घेतली, दुसरी परत सरकवली. “एकाच दगडाच्या दोन कशाला? एका कुपीमागे यंत्राचा अख्खा दिवस जातो. आणि हे तर डागाळलेलं आहे. नियमात बसत नाही.”

“मोजा तर.”

“मॅडमची सही आणा.”

मॅडम परत डोंगरात गेल्या होत्या. आठ दिवसांनी आल्या, तर मीटिंगमध्ये. काका मीटिंगच्या दाराबाहेर दोन तास उभे राहिले. शिपाई म्हणाला, बसा. ते बसले नाहीत. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही कुप्या तळहातावर धरल्या आणि काय पाहिलं ते चार वाक्यांत सांगितलं. मॅडमनी कागद भिंतीला टेकवून सही केली. तोवर यंत्राची रांग लांबली होती. आणखी दोन आठवडे. काका रोज सकाळी थंड खोलीच्या दारावरची यादी बघत. त्यांचा नंबर एकदा वर सरकला, आणि कुणाचं तरी तातडीचं आलं म्हणून दोनदा खाली गेला.

निकाल आला तेव्हा मॅडम स्वतः तळघरात उतरल्या. हातात कागद होता. आकडेसाहेब मागे होते.

“भेगेतला पन्नास कोटी,” मॅडम म्हणाल्या. “अंगातला एकशे अठ्ठावन्न.”

काका स्टुलावरून उठले नाहीत. “आणि जबडा?”

“जबड्याचा संबंधच नाही. दगड जुनाच आहे. काळा पट्टा आत घुसला तेव्हा त्याने आजूबाजूचं पाणी तापवलं. ते गरम पाणी या दगडाच्या भेगांतून फिरलं, आणि जाता जाता तिथे नवा अभ्रक तयार झाला. त्याचं घड्याळ तेव्हापासून सुरू झालं. म्हणून त्याचं वय पट्ट्याएवढंच. तो नवा, म्हणून लख्ख. जुना बिचारा वाकला, डागाळला, पण त्याने आपली वेळ सोडली नाही.” त्या भराभर बोलत होत्या, गाल लाल झाले होते. “यावर चांगला पेपर होईल, काका. आपल्याला त्या पाण्याची तारीख मिळाली.”

“ती ओळ,” काका म्हणाले.

मॅडम थांबल्या. मग त्यांनी आकडेसाहेबांकडे पाहिलं. आकडेसाहेबांनी पत्रक पुढे केलं. मॅडमनी दोन्ही ओळी खोडल्या आणि शेजारी सही केली. आकडेसाहेब छताकडे बघत होते.

“आता कोरी राहिली जागा,” काका म्हणाले. “तिथे लिहा. जबडा स्वच्छ होता. पहिल्या दोन्ही वेळी फक्त चकचकीत कण वेचले गेले. वेचणारा मी. नियमाप्रमाणे.”

“वेचणाऱ्याचं लिहायची गरज नाही. तुमची चूक नव्हती ती.”

“चूक म्हणत नाही मी. हात माझा होता. माझा नाही म्हणून लिहिलंत तर ती पण भेसळच.”

मॅडमनी लिहिलं. काकांनी वाचलं आणि खाली सही केली. अडीच महिन्यांपासून हे एवढंच हवं होतं. आता ते मिळालं होतं, आणि त्यांना काही बरंबिरं वाटेना. त्यांची नजर पत्रकाच्या कोपऱ्यातल्या नंबरावर गेली होती. बेचाळीस. त्या डोंगररांगेतला बेचाळिसावा दगड.

“मॅडम, आधीचे एक्केचाळीस.”

“काय त्यांचं?”

“ते पण मीच वेचलेत. सगळे चकचकीत.”

  मॅडमनी कागद दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. त्या डोंगराचा सात वर्षांचा नकाशा त्यांनी त्या एक्केचाळीस लहानमोठ्या वयांवर उभा केला होता. त्यातली किती दगडांची आणि किती नुसत्या पाण्याची, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

“डागाळलेले कण ठेवलेत कुठे तुम्ही?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“फेकलेत. ठेवायचा नियम नाही.”

“सगळे?”

“सात वर्षांचे.”

आकडेसाहेब पहिल्यांदाच सरळ आवाजात बोलले. “सगळे जबड्यातून काढून बघू या का? लवकर होईल.”

“जबड्यातून गेलं की भेगेतलं कुठलं आणि अंगातलं कुठलं हे कळत नाही,” काका म्हणाले. “लख्ख ते भेगेतलं, असं या दगडात निघालं. दुसऱ्यात उलटं नसेल कशावरून? जागेवर बघूनच काढावं लागेल. हाताने.”

“किती होतील तुमच्याच्याने?” मॅडमनी विचारलं.

“एका दगडाला नऊ दिवस. अडीच महिने उरलेत, त्यात सुट्ट्या. सहा.”

“एक्केचाळिसातले सहा.”

“सहा.”

“मी तुमच्यासाठी मुदतवाढ मागते. वर बोलते. आता तर ते नाही म्हणणारच नाहीत.”

“नको. डोळे थकलेत माझे. दुपारनंतर दोन सुया दिसतात. वाईट काम करून द्यायला मी थांबणार नाही.” त्यांनी चिमटा पुसून डबीत ठेवला. “कुठले सहा ते तुम्ही ठरवा, आणि आजच सांगा. उद्याचा दिवस फुकट जायला नको. सातवा मागू नका.”

“आणि बाकीचे पस्तीस?”

“कुणाला तरी बसवा माझ्या शेजारी. पाठ वाकवायची तयारी असलेलं माणूस द्या, डिग्री नसली तरी चालेल.”

मॅडमनी वर जाऊन यादी काढली. काका मागोमाग गेले आणि दारात उभे राहिले. मॅडमनी पहिल्या नंबरावर खूण केली, मग दुसरीकडे पेन नेलं, मागे घेतलं. प्रत्येक नंबर म्हणजे त्यांची एकेक चढण होती, हे काकांना समजत होतं, पण त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. अर्ध्या तासात तीन खुणा झाल्या.

“बाकीचे तीन उद्या सांगितले तर?”

“चालेल. किल्ली द्या.”

कोठार जिन्याच्या दुसऱ्या बाजूला होतं. काकांनी दिवा लावला आणि फळीवरून पहिल्या नंबराची पिशवी ओढली. ती हातात घेताच त्यांना वजनावरून कळलं. राखीव भागातून मधल्या काळात कुणीतरी आणखी तुकडे नेले होते, नोंद न करता. उरला होता लिंबाएवढा गोळा, आणि त्याच्यावरही कुणीतरी जाड शाईने नंबर घातलेला. एवढ्यातून एकही पापुद्रा वाया न जाऊ देता भेगेतलं आणि अंगातलं वेगळं काढायचं, तर नऊ दिवसांचे बारा होणार. सहाचे पाच होणार.

काकांनी एक सणसणीत शिवी हासडली. मग शाई लागलेली बाजू वर करून दगड फडक्यात गुंडाळला, दिवा मालवला आणि हातोडी घ्यायला निघाले.